मध्यंतरापुरता इंद्रजित

थाळी इंद्रजितच्या हातात गेली तशी ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांना आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या. ज्यांच्या बांधून झाल्या होत्या त्यांनी त्या सोडून पुन्हा बांधायला घेतल्या.

पितळेची थाळी, तिच्यात गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात, आणि आमच्या पंचमुखी तालमीची ही जुनी रीत. सामन्याच्या दिवशी सकाळी ही थाळी तालमीतल्या मारुतीपुढं ठेवायची, मग वस्तादांनी स्वतः ती मैदानावर आणायची, आणि प्रत्येक खेळाडूनं शेजारच्याच्या तोंडात आपल्या हातानं एक तुकडा घालायचा. मनात कुणाविषयी काही किल्मिष नाही, असं देवासमोर कबूल केल्यासारखं. ज्याला भरवता येत नाही त्यानं मैदानात उतरायचं नाही, हा वस्तादांच्या वस्तादांपासून चालत आलेला नियम.

रांग जर्सीच्या आकड्यानं लागायची. इंद्रजित सरनोबतच्या पाठीवर नऊ, माझ्या पाठीवर दहा. त्यामुळं मला भरवायचं काम त्याचं.

इंद्रजितनं थाळी घेतली, माझ्याकडं न बघता माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून आपल्या बाकावर जाऊन बसला. मी माझा तुकडा मीच उचलून खाल्ला आणि थाळी पुढं दिली.

वस्ताद त्या वेळी कोपऱ्यातल्या माठाचं झाकण नीट करत होते. अख्खा हंगाम बरोबर याच वेळेला त्या माठाचं झाकण बिघडत होतं. नियम मोडला जातोय हे त्यांना दिसत होतं, पण इंद्रजित आमचा सेंटर फॉरवर्ड होता आणि त्याला बॉल पुरवणारा मी. दोघांतल्या कुणा एकाला बाहेर बसवलं असतं तर पेठेनं वस्तादांना पंचगंगेपर्यंत पळवत नेलं असतं. बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, पण कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही. माणसं घरचं लग्न पुढं ढकलतात, सामना नाही.

आमच्यात विस्तव जात नव्हता, आणि त्याचं कारण सगळ्या पेठेला ठाऊक होतं. इंद्रजित आणि मी एका गल्लीत वाढलो, एका शाळेत नापास झालो, एकाच दिवशी तालमीच्या टीममध्ये आलो. त्याच्या आईच्या हातचं मी माझ्या आईच्या हातच्यापेक्षा जास्त जेवलो असेन. त्याचा धाकटा भाऊ धैर्यशील. तो खेळायचा नाही, हलगी वाजवायचा. आमचा सामना असला की स्टेडियमच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर त्याची हलगी सुरू व्हायची, आणि ती ऐकून समोरच्या टीमचे पाय गळायचे असं आम्ही म्हणायचो. मागच्या हंगामात एका संध्याकाळी सरावात माझा घोटा मुरगळला. "चल शशीदा, सोडतो तुला," म्हणून धैर्यानं मला मोटरसायकलवर घातलं आणि रंकाळ्याच्या पलीकडं आम्ही नवं घर घेतलं होतं तिथं आणून सोडलं. चहा घे म्हटलं तर थांबला नाही. परत जाताना उसानं भरलेल्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता.

इंद्रजितला ती बातमी आमच्या कॅप्टननं, रफिकभाईनं सांगितली. मी लंगडत दवाखान्यात गेलो तेव्हा इंद्रजितनं मला एकच विचारलं, "तुला रिक्षा मिळाली नसती व्हय?"

त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

रिक्षा मिळाली असती. मी त्यावर काय बोलणार? चूक असलीच तर ट्रॉलीवाल्याची होती. पण भाऊ गेलेल्या माणसाला ट्रॉलीवाल्यावर राग धरून भागत नाही, त्याला ओळखीचा माणूस लागतो. तो मी होतो. पहिले काही महिने मी त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. काकी, म्हणजे त्याची आई, आत घ्यायच्या, चहा द्यायच्या, आणि इंद्रजित मागच्या दारानं बाहेर पडायचा. मग मीही जायचा थांबलो. मला त्याचा राग येत नव्हता असं नाही. चांगला येत होता.

तर असा आमचा तो हंगाम. ड्रेसिंग रूममध्ये समोरासमोर दोन बाकं होती. एक आपोआप त्याचं झालं, एक माझं. पोरंसुद्धा वाटली गेली. त्याच्या बाकावरचा माझ्या बाकावरच्याकडं तेलाची बाटली मागत नसे, रफिकभाईला मागत असे. रफिकभाई आमचा गोलकीपर. तो मधोमध प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचा आणि इकडची बाटली तिकडं द्यायचा. मैदानावर मी इंद्रजितला बॉल द्यायचो, कारण गोल त्याला करता यायचा. त्यानं मात्र वर्षभरात मला एकही पास दिला नव्हता. माझ्यापुढं मैदान मोकळं पडलेलं असलं तरी तो तिघांच्या अंगावरून जायचा. प्रेक्षकांनी त्याला नाव ठेवलं होतं, एकेरी वाहतूक.

आणि तरीही आम्ही फायनलला पोचलो होतो. समोर शिलेदार तालीम. ते नदीकडचे, आम्ही वरच्या पेठेतले. ह्या दोन तालमींचं वैर का सुरू झालं हे सांगणारा माणूस आता हयात नाही, पण वैर आहे.

पहिल्या हाफमधला बराच वेळ काहीच घडलं नाही. ऊन मरणाचं होतं. मग आम्हाला कॉर्नर मिळाला, बॉल उंच आला, इंद्रजित आणि त्यांचा बचावातला स्टॉपर एकदमच उडाले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. मी जवळच होतो.

दोघंही खाली पडले. स्टॉपरची भुवई फाटली होती आणि चेहरा रक्तानं भरला होता. सगळे त्याच्याभोवती जमले. ज्याचं रक्त दिसतं त्याच्याकडंच लोक बघतात. इंद्रजित आपला आपण उठून बसला. वस्तादांनी पळत येऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. रेफ्रीनं विचारलं तर तो हसला, अंगठा दाखवला आणि कपडे झटकून उभा राहिला. कपाळाच्या बाजूला, केसांत, नुसतं टेंगूळ होतं.

त्यानंतर थोड्याच वेळात ते झालं.

बॉल इंद्रजितकडं होता, पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी. शिलेदारचे तिघं त्याच्यावर धावले. मी डावीकडं पूर्ण मोकळा होतो, आणि माझ्याकडं कुणी फिरकलंही नाही, कारण तो मला पास देणार नाही हे त्यांच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मीही नेहमीसारखा कमरेवर हात ठेवून उभा राहायच्या बेतात होतो.

"शशा!"

वर्षभरात माझं नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं. त्यानं टाचेनं बॉल मागं ढकलला होता, अगदी माझ्या पायात, पूर्वी द्यायचा तसाच. मी इतका हबकलो होतो की तो मारला कसा हे आजही मला सांगता यायचं नाही. जाळी हलली एवढं दिसलं. मग इंद्रजित धावत आला, माझ्या अंगावर झेपावला, आणि माझ्या मानेला मिठी मारून म्हणाला, "लेका, डाव्या पायानं मारलास की. कुठनं शिकलास?"

स्टेडियम क्षणभर गप्प झालं. गोलामुळं नव्हे, त्या मिठीमुळं. मग जो गलका उठला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पायऱ्यांवर बसलेले तालमीतले म्हातारे टोप्या काढून डोळे पुसत होते. मीही रडत होतो. मला त्याची लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली. आम्ही खोलीत आलो. इंद्रजित सरळ माझ्या बाकावर येऊन माझ्या शेजारी बसला. समोरच्या बाकावरची पोरं बघतच राहिली. माठावर थाळी ठेवली होती, तिच्यात दोन-तीन तुकडे उरले होते. इंद्रजित उठला, एक तुकडा घेतला आणि माझ्या तोंडात घातला.

"खा. घाम किती आलाय तुला," तो म्हणाला.

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. समोरच्या बाकावरची दोन पोरं उठून माझ्या बाकावर आली. वस्तादांनी थाळीला हात जोडले आणि उपरण्यात तोंड लपवलं. "पावला," एवढंच म्हणाले. "बजरंग पावला." गेल्या हनुमान जयंतीला त्यांनी आमच्या दोघांच्या समेटासाठी मारुतीला शेंदराच्या लेपाचा नवस बोलला होता, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

गूळ माझ्या तोंडात विरघळत होता. वर्षभर जे ओझं घेऊन मी झोपत होतो आणि उठत होतो, ते कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. मला त्याच्याकडून माफी नको होती, खुलासा नको होता. तो शेजारी बसला होता तेवढं पुरे होतं.

"आई चिडलीय तुझ्यावर," इंद्रजित म्हणाला. "जेवायला येतो म्हणालास आणि आला न्हाईस."

मला वाटलं, हा मोठ्या मनानं मधलं सगळं वर्ष पुसून टाकतोय. "येतो की," मी म्हणालो. "उद्याच येतो."

"ये. तांबडा करायला सांगतो."

भिंतीपलीकडून आमच्या पोरांच्या हलगीचा आवाज येत होता. इंद्रजितनं मान कलती केली आणि थोडा वेळ ऐकलं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हलगी कोण वाजवायलंय रं?"

"गल्लीतली पोरं हाईत," मी म्हणालो.

"धैर्याचा हात न्हाई ह्यो," तो म्हणाला. "कुठं उलथलंय बेणं आज?"

कोपऱ्यातलं एक पोरगं आधीच्या कशावर तरी हसत होतं, त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. इंद्रजित सगळ्यांकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती, धाकट्या भावावर वैतागलेल्या थोरल्याची असते तशी.

मी हळूच विचारलं, "इंद्र्या, आज कुणाबरोबर सामना हाय?"

"असं काय इचारतोस? सेमीफायनल न्हवं?" त्यानं मागच्या हंगामातल्या एका टीमचं नाव घेतलं. मग पुन्हा मान कलती केली, पुन्हा तशीच आठी घातली. "हलगी कोण वाजवायलंय रं? धैर्याचा हात न्हाई ह्यो."

शब्द तेच होते आणि आवाजही तसाच, दोन वाक्यांमागं तो हेच बोलला होता हे त्याच्या गावीही नव्हतं. ज्या माणसानं मला मिठी मारली होती, गूळ भरवला होता, तो समेट करायला आलेला इंद्रजित नव्हताच. ह्या इंद्रजितचं माझ्याशी भांडणच झालेलं नव्हतं. त्याचा भाऊ जिवंत होता.

मी उठलो आणि वस्तादांना मोरीच्या दाराशी घेऊन गेलो. रफिकभाई मागोमाग आला.

"वस्ताद, त्याच्या डोक्याला मार लागलाय. त्याला काय आठवंना झालंय. बाहेर ॲम्ब्युलन्स उभी हाय, त्याला न्यायला पायजे."

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे अजून ओले होते. "काय बोलतोस शशा? मारुतीनं त्याचं मन फिरवलंय."

"मारुतीनं न्हाई वस्ताद, शिलेदारच्या स्टॉपरनं."

"गप." त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा एके काळचा पैलवान, माझं हाड दुखलं. "दुःख असतंय तसं. माणूस गेल्यालाबी इसरतंय कधी कधी. माझी आई माझ्या बाला वर्षभर ताट वाढत हुती. चालतंय की त्यो, पळतंय की. पास बघितलास न्हवं कसा दिला? थोडा खेळ ऱ्हायलाय. कप घेऊया, मग मी सोता त्याला दवाखान्यात नेतो."

"आणि परत हेडिंग मारलं तर?"

"न्हाई मारणार. सांगतो मी त्याला."

"आत्ता सांगितलेलं त्याच्या ध्यानात ऱ्हाईना वस्ताद."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वर्षात पहिल्यांदा हसलंय रं पोरगं. तू काय सांगणार त्याला? तुझा भाऊ मेलाय म्हणून? तुझ्या तोंडानं?"

मी रफिकभाईकडं बघितलं. वर्षभर इकडची बाटली तिकडं देऊन देऊन तो थकला होता. तो म्हणाला, "शशा, त्यो बोलायलाय तुझ्याशी. तुला नको हाय व्हय?"

हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की मोरीच्या दाराशी उभा राहून मी हिशेब करत होतो: सामना संपेपर्यंत काय होणार आहे, टेंगूळच तर आहे, तो चालतोय, हसतोय, आणि उद्या मी त्यांच्या घरी तांबडा रस्सा खायला जाणार आहे. मी हे सगळं स्वतःला सांगून बघितलं. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "हलगी कोण वाजवायलंय रं?" तिसऱ्यांदा.

बाहेर रेफ्रीची शिट्टी वाजली. पोरं उठली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. इंद्रजितही उठला, उठताना बाकाला हात लावून जरा थांबला, मग हसला आणि दाराकडं निघाला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"इंद्र्या, बूट काढ. तुला खेळायचं न्हाई."

"का? मला काय धाड भरलीय?"

"डोक्याला लागलंय तुझ्या."

"हॅत. सरक बाजूला." त्यानं मला गमतीनं ढकललं. "सेमीफायनल हाय लेका, बसतोय व्हय मी?"

"मी सांगतोय म्हणून बस."

"धैर्याला काय वाटंल? सगळ्या गल्लीला घेऊन आलाय त्यो."

वस्ताद मागून म्हणाले, "शशा, सोड त्याला." आवाजात जरब होती, पण पाय जागचे हलले नव्हते. त्यांना वाटत होतं की मी ऐकावं, आणि त्यांना असंही वाटत होतं की मी ऐकू नये. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

त्याला थांबवायला एकच गोष्ट पुरेशी होती, आणि ती सांगायची ताकद त्या खोलीत दुसऱ्या कुणात नव्हती. मी त्याचे दोन्ही दंड धरले.

"इंद्र्या, धैर्या गेला."

"कुठं गेला?"

"गेला म्हणजे... न्हाई ऱ्हायला त्यो. ॲक्सिडेंट झाला."

तो माझ्याकडं बघत राहिला. ओठ हसतच होते, ते हळूहळू मिटले. "कवा?"

मागच्या वर्षी, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. त्याच्या दृष्टीनं तो आत्ताच गेला होता. मी म्हणालो, "मला घरी सोडायला आला हुता गाडीवरनं. मला सोडून परत जाताना झालं. उसाच्या ट्रॉलीवर."

आणि मी वाट बघत उभा राहिलो. पुढं काय येणार हे मला पाठ होतं. दवाखान्यातला तो चेहरा मी वर्षभर डोळ्यांसमोर बघितला होता: आधी डोळे बारीक होतील, मग जबडा आवळला जाईल, आणि मग रिक्षाचं विचारेल. मी मान खाली घातली नाही. एकदा ऐकलंय, आणखी एकदा ऐकू, असं म्हणत होतो.

इंद्रजितनं माझ्या हातांतून आपले दंड सोडवून घेतले. मग माझे खांदे धरले, मला वरून खालपर्यंत बघितलं, माझे हात उलटेसुलटे करून बघितले, वाकून माझ्या पायांकडं बघितलं.

"तुला," तो म्हणाला, "तुला कुठं लागलं न्हाई न्हवं शशा?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं बाबा." मग तिथंच, दाराच्या उंबऱ्याशी, खाली बसला. "आईला कुणी सांगितलं? आईला मी सांगतो. तू बरोबर चल."

"चल," मी म्हणालो.

तो उठायला गेला आणि त्याला उलटी झाली. रफिकभाईनं त्याचं डोकं धरलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून ओरडला. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, दुसऱ्याची होती तेवढीच. मग सगळे एकदम हलले. वस्तादांनी ह्या वयात त्याला दोन हातांवर उचललं आणि ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं. मी जर्सीतच त्याच्याबरोबर आत बसलो. वाटेत त्यानं माझा हात धरून ठेवला होता. दसरा चौकाच्या आसपास त्याची पकड सैल झाली.

कवटीच्या आत रक्त साठत होतं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. नंतर ते म्हणाले, आणखी थोडा वेळ तो पळाला असता, किंवा बॉल एकदा जरी डोक्यावर घेतला असता, तर मैदानावरच संपला असता. हे ऐकून वस्ताद दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. "मी देवाचं नाव घेऊन डोळं मिटलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढच्या हंगामात त्यांनी टीम सोडली. सामना आम्ही हरलो. पेठेतल्या काहींनी मला तोंडावर सुनावलं की अर्धा तास तुला जीभ आवरता आली नसती का. इंद्रजित वाचला हे त्यांना मान्य होतं, पण कपही मिळाला असता असं त्यांचं म्हणणं होतं.

तो शुद्धीवर आला असं कळलं तेव्हा मी दवाखान्यात गेलो. काकी त्याच्या उशाशी बसल्या होत्या. डोक्याला पांढरी पट्टी, चेहरा सुजलेला. मी दारात उभा राहिलो. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं. मग डोळे बारीक झाले, जबडा आवळला गेला, आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

काकी माझ्यामागं बाहेर आल्या. माझा हात हातात घेऊन, जणू त्यांचाच काही अपराध झाला होता अशा आवाजात म्हणाल्या, "शशी, त्याला सगळं आठवलं रं बाळा. त्यो सामन्याचा दिस तेवढा आठवंना."

मग वर्षं गेली. इंद्रजित पुन्हा खेळला नाही, पण माणूस म्हणून ठणठणीत झाला. त्याचं लग्न झालं, माझं झालं. माझे गुडघे गेले, खेळ सुटला. काकी गेल्या तेव्हा मी खांदा द्यायला पुढं झालो, तर त्यानं माझ्या बाजूची जागा सोडली आणि मागं गेला. मी कधी काही बोललो नाही. त्या दारात तो मला काय म्हणाला हे ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ते त्याला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता.

गेल्या वर्षी तालमीत जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. इंद्रजित पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. कार्यक्रम संपल्यावर रफिकभाई त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होता. मग रफिकभाई माझ्याकडं आला. दाढी पांढरी झालेली, स्टूल सोडून कैक वर्षं झाली, तरी माणूस तोच. खाली बघत उभा राहिला.

"सांगितलं मी त्याला," तो म्हणाला. "न्हाई ऱ्हावलं. तू दारात कसा उभा ऱ्हायलास, त्यानं तुझं हात-पाय कसं चाचपलं, काय इचारलं, सगळं. कुराणाची शपथ घेऊन सांगितलं."

"मग?"

रफिकभाईनं घसा खाकरला. "म्हणाला, मी असं म्हणणंच शक्य न्हाई. माझा भाऊ मेला म्हणून कळल्यावर मी त्या शशाला इचारीन, तुला लागलं का म्हणून? तुम्ही सगळी मिळून मला येड्यात काढताय." थोडं थांबून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. माणूस खोटं बोलायला लागला की..."

"खोटं न्हाई बोलत त्यो, रफिकभाई," मी म्हणालो. "त्या दिवशी त्यो कोण हुता, ते त्याला म्हाईतच न्हाई."